तलावाच्या पाळीवरून: पाखरांबद्दल तुमचे प्रश्न

पाऊस उघडला की या सदराकडे पत्रं वाढतात, यंदाही तसंच झालंय. बहुतेकांचं विचारणं एकच, बाहेरून येणारे पक्षी नागपुरात कुठे बसून बघायचे आणि कधी. त्यातली पाच पत्रं इथे घेतोय. नावं छापत नाही, फक्त वस्ती सांगतो.

प्रतापनगरच्या एका काकांचं पत्र: "रिटायर होऊन दोन वर्षं झाली. रोज सकाळी अंबाझरीच्या पाळीवर फिरायला जाऊन राहिलो. पेपरात वाचतो की हजारो किलोमीटरवरून पक्षी येतात, पण मला तर तेच ते पाणकावळे आणि बगळे दिसून राहिले. यासाठी भरतपूरलाच जावं लागते का? नागपुरातच पाहायचं तर उभं कुठे राहायचं?"

काका, भरतपूरला जमेल तेव्हा नक्की जा, पण त्यासाठी अंबाझरी सोडू नका. तुम्ही रोज जिथे चालता ती नागपुरातल्या उत्तम जागांपैकी एक आहे, आणि त्याचं कारण अगदी साधं आहे. पाळ तलावाच्या पूर्वेला आहे, नाग नदी तिथूनच शहरात उतरते, म्हणजे सकाळी पाळीवर उभं राहिलं की ऊन पाठीवर आणि समोरचं पाणी, पलीकडची झाडी, वरचं आभाळ सगळं उजळलेलं. बदकाच्या पंखावरचा हिरवा पट्टा दिसायचा तर असाच उजेड लागतो. तेच पाणी त्याच जागेवरून संध्याकाळी पाहिलंत तर सगळे पक्षी काळेच दिसणार.

आता दिसत का नाहीत, तर तुम्ही चालताय म्हणून. फिरायला निघालेला माणूस पायाखाली बघतो, समोरून येणाऱ्याला नमस्कार करतो, घड्याळ बघतो, आणि पाखरं तर डोक्यावरून चाललेली असतात. आठवड्यातून दोन दिवस चालणं अर्धं करा आणि उरलेला तासभर एका ठिकाणी बसा, ठिकाण मात्र तेच, वेळही तीच. मी बरीच वर्षं हेच करतोय आणि मला जे काही थोडंफार कळतं ते या एका सवयीमुळे. एकच जागा धरली की तिथलं रोजचं आभाळ, रोजचे पक्षी पाठ होतात आणि मग नवीन काही आलं की लगेच कळतं, घरात कोणी खुर्ची जराशी हलवली तरी कळतं ना, तसं.

वर बघायचीही एक रीत आहे. कोऱ्या निळ्या आभाळात डोळा ठरत नाही, तो जवळच कुठेतरी अडकतो आणि लांबचा पक्षी समोर असून सुटतो. म्हणून आधी पलीकडच्या झाडाच्या शेंड्यावर दुर्बिणीचा फोकस लावून घ्या, मग चाकाला हात न लावता ती तशीच आभाळात फिरवा, शक्यतो पांढऱ्या ढगांच्या कडेकडेने. दुसरी मदत घारींची घ्यायची, आपल्या शहरात घारींना काही तोटा नाही. साडेनऊ-दहाला ऊन तापलं, जमिनीवरची गरम हवा वर चढायला लागली की घारी तिच्यावर गोल गोल वर जातात, आणि बाहेरून आलेले गरुड, भोवत्या असे पक्षीही त्याच हवेने वर चढून मग पंख न हलवता पुढे घसरत जातात, म्हणजे ताकद वाचते. त्यामुळे घारींचा घोळका दिसला की त्यात वेगळ्या ठेवणीचं कोणी आहे का ते बघत राहायचं. घारीची शेपटी मागून खाचलेली असते. ज्याची शेपटी तशी नाही, किंवा पंख थोडे वर उचललेले आहेत, त्याच्यावर नजर ठेवा.

मागच्या वर्षी ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात असंच झालं. पाऊण तास काहीच नव्हतं, पाण्यावर दोन टिबुकल्या आणि माझ्या थर्मासमधला चहा, एवढंच. मग पश्चिमेच्या झाडीवरून एक तपकिरी पक्षी पाण्याच्या अगदी जवळून आला, पंख वर धरलेले, दोन-तीन वेळा हलवले की पुन्हा तसेच धरलेले, वाऱ्यावर जरा डावीउजवीकडे झुलत. पाळीपाशी येऊन तो फक्त हातभर वर झाला आणि माझ्या डोक्यावरून गेला. घुबडासारखा गोलसर चेहरा खाली वळलेला, पाठ फिरली तेव्हा शेपटीच्या बुडाशी पांढरा पट्टा. भोवत्याची मादी, ज्याला बरेच जण हॅरिअरच म्हणतात. मध्य आशियाच्या गवताळ मुलखातून आलेली ती पाखरी आपल्या शहराच्या इमारतींवरून दक्षिणेकडे निघून गेली, सगळं मिळून पंधरा सेकंद असेल. मी वहीत वेळ लिहिली, नऊ बावीस, आणि हात थरथरत होता हे खरं आहे.

कधी काय येतं ते थोडक्यात सांगतो. सगळ्यात आधी येतात तुतवार आणि धोबी, ऑगस्टच्या शेवटापासून. करडा धोबी माझ्या वहीत बहुतेक वर्षी गणपती विसर्जनाच्या मागेपुढे नोंदलेला आहे, ओल्या दगडावर शेपटी खालीवर करत चालणारा. सप्टेंबरात तारांवर माळभिंगऱ्या बसायला लागतात. त्यातल्या यंदा जन्मलेल्या पिल्लांच्या शेपटीचे दोन तार अजून आखूड असतात, ते बघा, कारण त्या पिल्लाने हा रस्ता आयुष्यात पहिल्यांदा उडून काढलाय. ऑक्टोबरात झुडपाच्या टोकावर गप्पीदास, मैदानावर एकाच जागी पंख फडफडवत थांबणारी खरूची, बागेत माशीमार. खरूची आणि भोवत्यासाठी पाळीपेक्षा शेजारचं जैवविविधता उद्यान बरं, तिथे गवत आहे.

बदकांची मात्र घाई करू नका. पाऊस चांगला झालेला असतो तेव्हा अंबाझरी काठोकाठ भरलेला असतो, २०२३ च्या सप्टेंबरात तर तो ओसंडून वस्त्यांमध्ये पाणी शिरलं हे आपण कोणी विसरलेलो नाही. भरलेल्या तलावात उथळ काठ आणि चिखल उघडाच पडत नाही, मग थापट्या, तलवार बदक यांनी खायचं कुठे? पाणी उतरायला लागलं, नोव्हेंबर उजाडला, की ते येतात. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकदंब त्याहूनही उशिरा. हे हंस हिमालय ओलांडून येतात, काहींना बसवलेल्या यंत्रांवरून त्यांची सात हजार मीटरच्या वरची उंची नोंदली गेली आहे. ते पारडगाव, सायकी अशा बाहेरच्या उथळ तलावांवर बघायला जायचं, अंबाझरीवर त्यांची वाट बघत बसू नका.

आणि एक राहिलं. पावसाळी ढगाळ दोन दिवस गेले आणि तिसऱ्या दिवशी सकाळी लख्ख उघाड पडली, तर बाकी सगळी कामं बाजूला ठेवून पाळीवर या. खराब हवेत पाखरं मध्येच उतरून थांबतात, त्यामुळे अशा सकाळी काठच्या बाभळी नुसत्या हलत असतात.

मानेवाड्याच्या, सातवीत शिकणाऱ्या एका वाचक मुलीचं पत्र: "आमच्या सरांनी सांगितलं की छोटे पक्षी रात्री प्रवास करतात. अंधारात त्यांना रस्ता कसा कळतो? आणि रात्री जातात तर आपल्याला ते कधीच दिसणार नाहीत का?"

बेटा, फार छान विचारलंस. सर म्हणतात ते बरोबर आहे, माशीमार, वटवटे, नवरंग असे बरेच छोटे पक्षी सूर्य मावळल्यावर निघतात. रात्री हवा गार असते, शांत असते, ससाणे झोपलेले असतात, आणि दिवसा उतरून पोट भरता येतं. रस्त्यासाठी त्यांच्याकडे एकापेक्षा जास्त साधनं आहेत. एक म्हणजे तारे. अमेरिकेत स्टीफन एमलेन नावाच्या शास्त्रज्ञाने पक्ष्यांना तारांगणात ठेवून पाहिलं, तर पिल्लं रात्रभर आभाळ बघून हे शिकतात की सगळे तारे फिरतात पण एक जागा फिरत नाही. ती जागा म्हणजे आपला ध्रुवतारा आहे तिथली. ती पाठीशी धरली की दक्षिण समोर. दुसरं साधन पृथ्वीचं चुंबकत्व, ते त्यांना जाणवतं, ढगाळ रात्री तेच कामाला येतं.

आपल्या चातकाचं तर मला दरवर्षी नवल वाटतं. मादी सातभाईच्या घरट्यात अंडं घालते, पिल्लू सातभाई वाढवतात, सातभाई आयुष्यभर त्याच झुडपांत राहणारे. त्या पिल्लाला आईबापांनी काहीच शिकवलेलं नसतं, आणि तरी पावसाळा सरला की ते आफ्रिकेच्या दिशेने निघतं. दिशा त्याच्या अंगातच असते.

आता दिसतील का? हो, आणि त्यासाठी कोजागिरी सोडू नकोस. गच्चीवर दूध आटत असतं तेव्हा नऊ-दहाच्या सुमारास चंद्र चांगला वर आलेला असतो. दुर्बीण कठड्यावर किंवा उशीवर टेकवून चंद्रावर लाव, आणि तिथून हलू नकोस. कोणाकडे स्टँडवरची छोटी टेलिस्कोप असेल तर फारच उत्तम, त्यात उंचावरचे पक्षीही कळतात. चंद्राच्या ताटलीवरून एखादा बारीक काळा आकार सरळ रेषेत सरकत जाईल, एक-दोन सेकंदात पार. वेडावाकडा वळला तर वटवाघूळ, धूसर आणि मोठं दिसलं तर जवळून गेलेला किडा. १९५२ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत शेकडो लोकांनी एकाच वेळी ठिकठिकाणी असे चंद्रावरून जाणारे पक्षी मोजले होते, त्यावरून रात्री पाखरं कुठून कुठे चाललीत ते कळलं. आईबाबांना आणि शेजारच्यांना आळीपाळीने बसव, अर्धा तास एकाने, अर्धा तास दुसऱ्याने, कारण डोळे फार थकतात. तासाभरात दोनच दिसले तरी दोन असं लिही. शून्य आलं तर शून्य लिही.

त्रिमूर्तीनगरच्या एका ताईंचं पत्र: "सकाळी बाल्कनीच्या काचेवर काहीतरी जोरात आपटलं. पाहिलं तर एक रंगीत पक्षी, हिरवी पाठ, पोटाखाली लाल, डोळ्यावर काळा पट्टा. मुलाने त्याला पाणी पाजायचा प्रयत्न केला, पण थोड्या वेळाने तो गेला. फार वाईट वाटलं. आमचं काही चुकलं का? आणि हा पक्षी इथे आला कसा?"

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तो नवरंग होता. पावसाळ्यात तो आपल्या मध्य भारतातल्या जंगलांत घरटं करतो, पेंचकडे जून-जुलैत त्याची दोन सुरांची शीळ ऐकू येते, आणि ऑक्टोबरच्या आसपास दक्षिण भारतात, श्रीलंकेत जायला निघतो. म्हणजे स्थलांतर फक्त येणाऱ्यांचं असं नाही, आपल्याकडून जाणारेही असतात. हा रात्री उडतो, शहराच्या दिव्यांनी गोंधळतो, पहाटे कुठेतरी उतरायला बघतो आणि काचेत त्याला समोरचं झाड दिसतं.

चूक तुमची नाही, पण पुढच्या वेळेसाठी सांगतो, कारण पुढची वेळ येते. चोचीत पाणी घालायचं नाही, कधीच नाही, ते श्वासात जातं. खायलाही काही देऊ नका. काही वर्षांपूर्वी आमच्या जिन्यात एक असाच पडलेला सापडला. उचलला तर ओंजळीत वजनच लागेना, पन्नास-साठ ग्रॅमचा जीव, डोळे अर्धे मिटलेले, छाती भराभर वरखाली होत होती आणि पोटाचा तो लाल रंग माझ्या बोटांना गरम लागत होता. बुटाच्या खोक्याला भोकं पाडली, तळाला जुना टॉवेल, त्यात ठेवून झाकण लावलं आणि अंधाऱ्या शांत खोलीत ठेवून दिलं. घरातल्या सगळ्यांना उघडून बघायला बंदी. दीडेक तासाने आतून खरखर ऐकू आली. मागच्या अंगणात जांभळीखाली खोकं उघडलं, तो कडेवर बसला, माझ्याकडे न बघता पाचोळ्यात उतरला, दोन पानं उलटवली आणि टुणटुण करत झुडपात गेला.

तासा-दोन तासांत उभा राहिला नाही किंवा पंख लोंबत असेल तर सेमिनरी हिल्सला वनविभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, तिथे न्या, नाहीतर वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा. घरी पाळायचा विचार कोणी करू नये, कायद्यानेही तो गुन्हा आहे. आणि त्या काचेला बाहेरच्या बाजूने पांढऱ्या टेपचे तुकडे दोन-दोन इंचांवर लावा. एखादा घारीचा स्टिकर चिकटवून भागत नाही, पाखरू त्याच्या शेजारच्या मोकळ्या काचेत घुसतं. या दोन महिन्यांत रात्री बाल्कनीचा दिवा बंद ठेवलात तर आणखी बरं.

काटोलजवळच्या एका शेतकरी दादांचा प्रश्न: "ज्वारी भरली की काळ्या-गुलाबी पाखरांचे थवेच्या थवे उतरून राहिले. कोणी म्हणते हे परदेशी पाहुणे आहेत, हाकलू नका. मग आम्ही काय करावं?"

दादा, हाकला. त्या भोरड्या आहेत, येतात मध्य आशियातून हे खरं, पण कणसं तुमची आहेत. माळ्यावर बसून डबा वाजवा, गोफण फिरवा, थवा उठेल आणि पुढे जाईल, त्याने त्यांचं काही बिघडत नाही. फक्त विष आणि जाळं नको. याच भोरड्या नाकतोडे आणि अळ्याही फस्त करतात, चीनच्या शिनजियांग भागात तर टोळ खायला त्यांनी यावं म्हणून लोकांनी दगडांची घरटी बांधून दिली आहेत. ज्वारी निघाली की थोडं थांबून त्यांच्याकडे संध्याकाळी बघा, झाडावर झोपायला उतरायच्या आधी सगळा थवा एका अंगाने वळतो. मोजायचा असेल तर आधी दहा मोजा, ते दहा केवढी जागा घेतात ते डोळ्यात ठेवा, मग तेवढे तेवढे ठोकळे मोजत जा.

सदर भागातल्या एका तरुण वाचकाचा प्रश्न: "अमूर ससाण्याचा फोटो काढायचाय. नागपूरवरून जातो म्हणतात, कुठे आणि कधी? लेन्स कोणती घेऊ?"

मित्रा, लेन्स या वर्षी राहू दे, आधी दुर्बीण घे, आठ बाय बेचाळीसची. आठ पटीत हात हलला तरी चित्र टिकतं आणि बेचाळीसच्या काचेतून पहाटेचा उजेड पुरेसा येतो. दहा पटीची घेऊन थरथरणारं आभाळ बघणारे मी बरेच पाहिलेत. आणि कॅमेरा डोळ्याला लावला की आभाळाचा एक तुकडाच दिसतो, जातंय ते बाकीच्या आभाळातून.

अमूर ससाणा दीडशे ग्रॅमच्या आसपासचा पक्षी. सायबेरिया, मंगोलिया, उत्तर चीनकडून ऑक्टोबरात नागालँड-मणिपूरला लाखांनी उतरतो, वाळवी खाऊन अंगावर चरबी चढवतो, मग मध्य भारत आणि पुढे अरबी समुद्र ओलांडून आफ्रिका, समुद्रावर तर बसायलाही जागा नाही. २०१२ मध्ये नागालँडच्या दोयांग जलाशयापाशी जाळी लावून हे ससाणे हजारोंनी मारले जात असल्याचं उघड झालं, आणि पुढच्याच वर्षी त्याच गावांनी शिकार थांबवली. २०१३ मध्ये तिघांच्या पाठीवर ट्रान्समीटर बसवले गेले, त्यांची नावं ठेवली नागा, वोखा आणि पांगती. मला ही सगळी गोष्ट फार जवळची वाटते, कारण त्या गावांनी हात आवरला नसता तर आपल्या डोक्यावरून जायला कोण उरलं असतं?

नागपूरवरून ते बहुतेक वेळा उंचावरून, न थांबता जातात, म्हणून अमुक झाडावर बसलेला सापडेल असं मी सांगणार नाही. नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा धर. पाऊस परतला की आपल्याकडे वारा फिरतो, ईशान्येकडून वाहायला लागतो, म्हणजे त्यांच्या पाठीवर येतो, असा दिवस बघून सकाळी उघड्या उंच जागी बस, रामटेकचा गड असेल तर खालची खिंडसी आणि चारी बाजूंचं आभाळ दोन्ही मिळतं. टोकदार लांब पंख, घारीपेक्षा बराच लहान, आणि नर असेल तर खालून पंखाची पुढची बाजू पांढरी, मागची काळी. तळपंख असे दोन रंगांचे दिसले की मग खरूचीची शंका उरत नाही. मैदानावर चतुरांचे थवे उडताना दिसले तर त्यांच्याकडेही बघ, तेही समुद्र ओलांडून आफ्रिकेकडे जातात आणि ससाणे वाटेत त्यांना खात असावेत असं अभ्यासकांना वाटतं.

योग असा की याच दिवसांत राज्याचा पक्षी सप्ताह असतो, ५ ते १२ नोव्हेंबर, पहिला दिवस मारुती चितमपल्लींच्या जन्माचा आणि शेवटचा सालिम अलींच्या. त्या आठ दिवसांत तू रोज एक तास कुठेही एकाच जागी बस, तुझ्या सदरमधल्या घराची गच्ची असली तरी चालेल, आणि तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा आणि किती दिसले एवढं लिहून पाठव. काकांनीही पाळीवरून पाठवावं. दोन्ही याद्या पुढच्या अंकात शेजारीशेजारी छापतो.